घरखर्चाची वही : एक गिगाबिट घ्यावे का?

मागच्या महिन्यात या वहीत शाळेच्या बसभाड्याचा हिशोब मांडला होता. तो वाचून दोन-तीन भगिनींनी विचारले की दूध, वीज, गॅस यांच्या रांगेत आता इंटरनेटचे बिलही येऊन बसले आहे, त्याचे काय? प्रश्न वेळेवर आला, कारण त्याच आठवड्यात आमच्या घरात यावरून चांगलाच खटका उडाला होता.

झाले असे. रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी छत्री लावून एका इंटरनेट कंपनीची दोन मुले बसली होती. आम्ही भाजीची पिशवी घेऊन येत होतो. एकाने हाक मारली, "अंकल, एक गिगाबिट! पिक्चर काही सेकंदांत उतरतो. आज नाव नोंदवलं तर बसवायचे पैसे नाहीत." आमचे बारावीतले चिरंजीव सोबत होते. त्यांनी लगेच आमची बाही धरली. घरी आलो तर मुलांची अम्मी म्हणाली, "आहे त्यात काय खोट आहे?" भाभींनी मात्र मध्येच विचारले, "ती तार तुटली तर किती दिवसांत जोडतात, ते विचारलंत का?" आम्ही ते विचारलेच नव्हते.

भाभींच्या प्रश्नाकडे येऊच. आधी हिशोब.

आपल्याकडे घरगुती एक गिगाबिटचा गाजावाजा सुरू झाला तो २०१९ च्या सप्टेंबरमध्ये. जिओफायबर तेव्हा ६९९ रुपयांपासून ८,४९९ रुपयांपर्यंतच्या दरांनी बाजारात आले. त्याच महिन्यात एअरटेलने एक गिगाबिटची जोडणी महिना ३,९९९ रुपयांना जाहीर केली. वर्षभराने, १ सप्टेंबर २०२० पासून, जिओने ३० एमबीपीएसची योजना ३९९ रुपयांना आणली आणि खालच्या टोकाला खरी स्पर्धा लागली. जाहिरातीतल्या या आकड्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, हे मोठ्या अक्षरांत कोणी छापत नाही. ३,९९९ चे बिल प्रत्यक्षात ४,७१९ होते, वर्षाचे ५६,६२६ रुपये. ६९९ चे बिल ८२५ होते, वर्षाचे ९,८९८. फरक शेचाळीस हजार सातशेच्या वर जातो. आमच्या घरात तेवढ्यात एका मुलाची वर्षाची फी आणि ईदचे कपडे निघतात.

इतका पैसा देऊन मिळते काय? वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या तारेवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात, एक गिगाबिटवर १२५. दोन जीबीची फाइल पहिल्या तारेवर पावणेतीन मिनिटांच्या आत उतरते, दुसरीवर सोळा सेकंदांत. आता आमच्या घरात दोन जीबीची फाइल रोज उतरवायची गरज कोणाला आहे, असे विचारले तेव्हा चिरंजीव गप्प झाले. गेममध्ये 'पिंग' लागतो ही त्यांची तक्रार, पण पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो तारेच्या रुंदीपेक्षा गेमचा सर्व्हर किती दूर आहे आणि वाटेत किती गर्दी आहे यावर ठरतो. मोठ्या पैशांनी तो आपोआप कमी होत नाही.

आम्ही एक आठवडा वहीत नोंद ठेवली. संध्याकाळी सात ते दहा ही आमच्याकडची सर्वांत गर्दीची वेळ. दादी दुबईतल्या खालांशी व्हिडिओवर बोलतात, चिरंजीवांचे भौतिकशास्त्राचे व्याख्यान चालते, मुलीचे कॉलेजचे काम, भाभींचा वर्ग, आणि टीव्हीवर कोणीतरी काहीतरी लावून निघून गेलेले असते. स्वच्छ चित्राला साधारण पाच एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला दोन-चार. सगळे एका वेळी धरले तरी आकडा तीसच्या पुढे जात नाही. शंभराची तार असताना त्यातली दोन तृतीयांश रिकामीच राहते. ज्या वस्तूची गरज नाही तिच्यासाठी वर्षाला पंचेचाळीस हजार, याला आपल्याकडे इसराफ म्हणतात.

बरे, घेतलाच तो वेग, तरी तो मोबाईलपर्यंत पोचतो का? खांबावरून किंवा जमिनीखालून आलेली काचेची तार घरोघर स्वतंत्र नसते. घरगुती फायबरची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात एका मुख्य तारेतून सुमारे अडीच गिगाबिट येतात आणि ते साध्या विभाजकाने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकदम नळ सोडला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएसच्या आसपास येतात. सगळे एकदम सोडत नाहीत म्हणून कंपन्यांचे निभते. त्यापुढे घरातल्या सिमेंटच्या भिंती आणि कोपऱ्यात टीव्हीमागे दडवलेला वायफायचा डबा. आमचा डबा आम्ही दिवाणखान्यातून पॅसेजमध्ये आणून उंचावर लावला, आणि मागच्या खोलीतला वेग दुपटीने वाढला. खर्च दोन खिळ्यांचा.

'अमर्यादित' या शब्दाबद्दलही एक गोष्ट. अनेक योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरांत असते. घरगुती वापराला ती भरपूर आहे. पण एक गिगाबिटची तार खरोखर पूर्ण वेगाने चालवली तर ही महिन्याची शिदोरी सव्वासात-साडेसात तासांत संपते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनवरून मिळणारा वेग ९.६ केबीपीएस होता. एक गिगाबिट त्याच्या लाखपट आहे. २०१३ पासून सरकारी व्याख्येत ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ च्या जानेवारीत ती खालची मर्यादा दोन एमबीपीएस झाली. सांगायचे इतकेच की 'पुरेसे' म्हणजे किती, हे दर काही वर्षांनी बदलते. उद्या एक गिगाबिट सातशे रुपयांना मिळू लागले तर आम्हीही घेऊ, चिरंजीवांनी निराश होऊ नये.

आता भाभींचा प्रश्न.

थोरले भाईजान कतारला आहेत. भाभी आणि त्यांची दोन मुले आमच्याबरोबर राहतात. गेली तीन वर्षे भाभी संध्याकाळी कुवेत आणि बर्मिंगहॅममधल्या मुलांना ऑनलाइन नाझरा शिकवतात. बहुतेक कोकणातल्या कुटुंबांची मुले, आई-वडिलांना मराठीतून बोलणारी उस्तानी हवी असते. बंद खोलीत, डोक्यावर ओढणी घेऊन, समोर फोन ठेवून त्या महिन्याला जे कमावतात त्यात त्यांच्या मुलांची फी भागते आणि थोडे शिल्लकही राहते. त्यांच्या वर्गाला वेग लागतो तो दोन एमबीपीएस. पण तो येतानाही हवा आणि जातानाही, आणि न तुटता हवा. अक्षराचा मखरज शिकवताना आवाज अर्ध्या सेकंदाने अडखळला तर सगळी मेहनत वाया.

गेल्या जुलैत आमची तार तुटली. रस्त्याच्या कडेला गटाराचे काम चालू होते आणि जेसीबीच्या एका फटक्यात निम्म्या गल्लीचे इंटरनेट गेले. कंपनीला फोन केला तर 'चोवीस तासांत होईल' असे उत्तर मिळाले. ते उत्तर सलग सहा दिवस मिळाले. भाभींनी मोबाईलच्या डेटावर वर्ग घेऊन पाहिले, पण पावसात आमच्या मागच्या खोलीत रेंज दोन दांड्यांच्या वर जात नाही. कुवेतच्या एका कुटुंबाने अदबीने कळवले की मुलांची सवय मोडते आहे, आम्ही दुसरीकडे बघतो. दोन विद्यार्थी गेले, कायमचे. त्या महिन्यात कंपनीचे बिल मात्र पूर्ण आले. आम्ही भांडून सहा दिवसांचे पैसे वळते करून घेतले, ते झाले एकशे पासष्ट रुपये.

त्या भांडणात एक गोष्ट शिकलो. फोनवर नुसते बोलून ठेवायचे नाही, तक्रार क्रमांक घ्यायचा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. त्यावर समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. आमच्याकडे पहिल्या चार दिवसांचा एकही क्रमांक नव्हता, त्यामुळे बोलणे खुंटले.

तारा इतक्या तुटतात का? केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि जमिनीखाली कोणाच्या तारा आहेत ते पाहावे, अशी कल्पना. देशात दरवर्षी सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटते आणि तीन हजार कोटींचे नुकसान होते, असा सरकारचाच अंदाज तेव्हा दिला होता. आमच्या भागात तर खोदकामाला अंत नाही. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून असलेले मारुंजी हे मुळशी तालुक्यातले गाव. एकीकडे वीस-बावीस मजली टॉवर, दुसरीकडे गावठाण, मधल्या पट्ट्यात पत्र्याच्या भाड्याच्या खोल्या. शेजारी माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे काम वर्षानुवर्षे चाललेले. कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन पीएमआरडीएचे, पलीकडची हद्द एमआयडीसीची. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे आणि सांगवडे ही सात गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. रस्ता कोणी खोदायचा आणि कोणी बुजवायचा, यावर जिथे चार दारे ठोठवावी लागतात तिथे जमिनीखाली पडलेल्या केसाएवढ्या काचेची काळजी कोण घेणार?

खर्चाचे मूळही इथेच आहे. काचेची तार स्वतः फार महाग नसते. महाग असते खोदाई, परवानगी आणि रस्ता पूर्ववत करून द्यायचे शुल्क. म्हणून कंपनी आधी टॉवरकडे धावते. एकदा फाटकापर्यंत खोदले की एका इमारतीत ऐंशी-शंभर गिऱ्हाइके मिळतात, सगळी पगारदार, सगळ्यांचे भाडेकरार नोंदवलेले. गावठाणात घरटी एक तार ओढावी लागते, तिथे बहुधा केबलवाल्याचाच आधार. रिलायन्सने २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांतला मोठा हिस्सा घ्यायचे जाहीर केले, त्यामागे हेच गणित होते. शेवटच्या पन्नास फुटांची वाट केबलवाल्यांच्या हातात होती. जिथे तार परवडत नाही तिथे आता हवेतून सेवा देतात. जिओचे एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ रोजी देशातल्या आठ शहरांत सुरू झाले, त्यात पुणे होते. सुरुवातीचा दर ३० एमबीपीएसला ५९९ अधिक जीएसटी. फायबरच्या ३९९ च्या तुलनेत तोच वेग दीडपट पैशांनी. २०२४ च्या अखेरीस देशात तारेवरचे ब्रॉडबँड ग्राहक चार कोटींच्या थोडे वर होते, तर मोबाईलवरचे नव्वद कोटींच्या आसपास. म्हणजे बहुतेक घरांत अजून तार नाहीच.

टॉवरमध्येही सगळे आलबेल असते असे नाही. आमच्या सोसायटीत बांधकाम संपतानाच एका कंपनीच्या तारा टाकल्या गेल्या आणि दुसरीला आत येऊ दिले जात नाही. गिऱ्हाईक बांधलेले असले की दुरुस्तीला सहा दिवस लागतात. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम केले आहेत. घर घेताना पाणी, पार्किंग पाहतो तसे हेही पाहता यावे, हा त्यामागचा हेतू. मात्र मानांकन घ्यायचे की नाही ते बिल्डर किंवा सोसायटीवर आहे, सक्ती नाही.

एवढे लिहून वही मिटली असती. पण जूनमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशोब खरा होणार नाही.

आमच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत एक बाई राहतात. टॉवरमध्ये चार घरी काम करतात. त्यांची मुलगी गेल्या वर्षी दहावी झाली. अकरावीचे प्रवेश गेल्या वर्षीपासून राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे गावातल्या मुलालाही फॉर्म पोर्टलवरच भरावा लागतो. पोर्टल दिवसा हलत नव्हते आणि रात्री मोबाईलचा दिवसाचा डेटा संपलेला असे. एक दिवस मायलेकी दारात आल्या. "भाईजान, थोडा वेळ तुमचं वायफाय मिळेल का?" मुलींच्या अम्मीने लगेच आत बोलावले. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मैत्रीण आली, तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आणि त्याचे दोन सोबती. मुले जिन्यात बसू लागली. कोणी गोंगाट करत नव्हते. आठवडाभराने सोसायटीच्या कमिटीतून निरोप आला की बाहेरची मुले जिन्यात नकोत. एका हितचिंतकाने बाजूला घेऊन सांगितले, "जोडणी तुमच्या आधारवर आहे. कोणी काही भलतेसलते पाठवले तर पोलीस तुमच्या दारात येतील. आपल्या लोकांनी तर जास्तच जपावं."

त्या संध्याकाळी आम्ही पासवर्ड बदलला. मुलीला सांगायला तोंड नव्हते. तीच दोन वेळा जिन्यात येऊन, फोन जोडला जात नाही हे पाहून, काही न बोलता परत गेली. पुढचा फॉर्म तिने हिंजवडीतल्या सायबर कॅफेत शंभर रुपये देऊन भरला. शेजाऱ्याचा हक्क काय असतो ते आम्ही घरात मुलांना सांगत असतो. त्या दिवशी चिरंजीवांनी विचारले, "अब्बा, तिला का नाही देत?" आमच्याकडे उत्तर होते, पण ते सांगताना आवाज नीट निघाला नाही.

भीती अगदीच खोटी नव्हती. घरगुती योजनेच्या अटींतच ती जोडणी बाहेरच्यांना वाटायची नाही असे असते. पण वाटायचा सरळ मार्गही आहे, आणि तो आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहावाला, किराणा दुकानदार, कोणीही आपल्याकडे तार घेऊन परिसरात वायफाय देऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही आणि शुल्कही नाही. वापरणारा स्वतःच्या मोबाईल क्रमांकाने ओळख पटवून जोडला जातो, म्हणून कोणी काय केले याची जबाबदारी पासवर्ड देणाऱ्यावर येत नाही. ही योजना बरीच वर्षे रेंगाळली, कारण कंपन्या अशा दुकानदारांकडून घरगुती दराच्या कितीतरी पट पैसे मागत. १६ जून २०२५ रोजी ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर योजना त्यांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्तीने देता येणार नाहीत. म्हणजे ६९९ ची तार जास्तीत जास्त १,३९८ ला. जीएसटी धरून १,६५० रुपये. पंधरा खोल्यांनी वाटून घेतले तर खोलीमागे महिना एकशे दहा.

केरळने याहून पुढचे पाऊल टाकले. तिथल्या सरकारच्या के-फोन जाळ्याचे उद्घाटन ५ जून २०२३ रोजी झाले. विजेच्या खांबांवरून तारा नेल्या, म्हणजे खोदाईचा मोठा खर्च टळला. दारिद्र्यरेषेखालच्या वीस लाख कुटुंबांना फुकट जोडणी द्यायचे उद्दिष्ट ठेवले, आणि इतरांसाठी २० एमबीपीएसचा दर २९९ रुपये. उद्दिष्ट गाठायला त्यांनाही अडचणी आल्या, पहिल्या टप्प्यात चौदा हजार कुटुंबेच धरली होती. याच राज्यातली फहीमा शिरीन ही कॉलेजची विद्यार्थिनी. वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल वापरायचा नाही, या नियमाविरुद्ध ती उभी राहिली आणि वसतिगृहातून काढली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. आपल्या घरांत मुलीच्या हातातल्या मोबाईलवरून रोज वाद होतात म्हणून हे मुद्दाम लिहिले. आमच्या घरी वायफायचा डबा रात्री अकराला बंद होतो, मुलासाठीही आणि मुलीसाठीही. फजरला उठायचे असते.

तर आमचे ठरले ते असे. एक गिगाबिट घेतले नाही, शंभराचीच तार ठेवली. वाचलेल्या पैशांतले थोडे भाभींसाठी दुसऱ्या कंपनीचे सिम घेण्यात घातले, मुख्य तार तुटली तर वर्ग बुडू नये म्हणून. ते सिम खिडकीशी ठेवले की रेंज मिळते, हे चिरंजीवांनी शोधले. सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिला आहे की दुसऱ्या एका कंपनीला तार आणू द्यावी. अर्जावर अकरा घरांच्या सह्या झाल्या, त्यात आम्हाला निरोप पाठवणाऱ्या सद्गृहस्थांचीही आहे. त्यांचीही तार जुलैत सहा दिवस बंद होती.

खोल्यांच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणाऱ्या चाचांना पीएम-वाणीचे समजावून सांगितले. त्यांना पहिली काळजी पडली ती वेगळीच. "मुलं दुकानासमोर ठाण मांडून बसली तर गिऱ्हाईक आत कसं येणार?" डबा मागच्या भिंतीला, खोल्यांच्या बाजूला लावू, असे सुचवले तेव्हा ते जरा सैलावले. कंपनीच्या माणसाने आधी अशी योजनाच नाही म्हणून सांगितले, मग ट्रायच्या आदेशाची तारीख दाखवल्यावर 'वर विचारतो' म्हणाला. त्याला तीन आठवडे झाले. या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर चाचा आणि आम्ही कंपनीच्या कार्यालयात जाणार आहोत. अकरावीत गेलेली ती मुलगी आता बारावीच्या तयारीला लागली आहे.

तुमच्या सोसायटीत किंवा मोहल्ल्यात किती कंपन्यांना तार टाकू देतात, आणि कोणी पीएम-वाणीची जोडणी चालवत असेल तर महिन्याचे गणित कसे बसते, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात वहीत गॅस सिलिंडर.